पंधरा किलो

अलकापुरीतल्या हेमांगभाईंनी कागदावर आकडा लिहिला
आणि त्याभोवती दोनदा गोल काढला.
पंधरा किलो, बेन. कॅमेऱ्यासकट.
विमान लहान आहे. बॅग मऊ हवी, चाकांची चालत नाही.

तेव्हापासून घरात सगळं वजनावर चाललंय.
स्वयंपाकघरातला काटा टीपॉयवर येऊन बसलाय.
लांब लेन्स, दोन किलो नऊशे.
बॅटऱ्या, चार्जर, धुळीचा ब्रश, सातशे.
रक्तदाबाच्या गोळ्या, स्ट्रिपच्या कडा कापून, चाळीस ग्रॅम.
भाकरवडी अडीचशे.
काढली. परत ठेवली.
निळे कपडे नकोत, तिथल्या चावऱ्या माश्या निळ्यावर येतात.
माझ्याकडे तर सगळंच निळं.

लेन्स टेकवायला उशी लागते. ती मी शिवली,
जुन्या पडद्याची, एका बाजूला चेन लावून.
न्यायची रिकामी. तिथे राजमा भरायचा,
निघताना तंबूतल्या स्वयंपाक्याला देऊन टाकायचा.
ही युक्ती इतकी आवडली
की दोन दिवस भेटेल त्याला सांगत सुटले.
शेजारच्या मृदुलावहिनी राजम्यापर्यंत नीट ऐकून म्हणाल्या,
अगं, पण एकटी?

पिवळ्या तापाची लस. अहमदाबाद. मंगळवार.

सरावाला रोज सकाळी काळ्या घोड्याजवळच्या पुलावर जाते.
खाली विश्वामित्री, शेवाळ, पिशव्या,
आणि गाळावर मगर,
कुणीतरी ठेवून विसरून गेल्यासारखी.
स्कूटरवाले थांबतात. काकी, मेलीय का?
मी उत्तर देत नाही, मी श्वास धरलेला असतो.
चौतीस वर्षं सयाजी हॉस्पिटलच्या एक्स-रे खोलीत
मी लोकांना सांगितलं,
श्वास घ्या. धरा. हलू नका. सोडा.
आता बटणावर बोट ठेवून स्वतःला तेच सांगते
आणि शेवटचा शब्द सांगायचा राहून जातो.

परवा तिकडच्या गाइडचा निरोप आला.
गाडीत उभं राहू नका.
सिंहाला माणसं दिसत नाहीत, दिसतं एकच मोठं,
डिझेलच्या वासाचं जनावर.
तुम्ही उठलात की त्या जनावराला तडा जातो.

वाचून मी हिरमुसले.
चौतीस वर्षं शिशाच्या आडोशामागून पाहिलं,
फासळ्या, भेगा, पोराने गिळलेली आठ आण्यांची नाणी,
पाय घसरला म्हणणाऱ्या एका नव्या नवरीचं हाड,
जे घसरून तसं मोडत नाही.
मी फिल्म वाळवली, नाव लिहिलं, पुढचा नंबर पुकारला.
सगळे भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे,
माझ्याकडे पाहायचं कुणाला कारणच नव्हतं.
आणि आता एवढा समुद्र ओलांडून जायचं
ते दुसऱ्या आडोशामागे बसायला?

पुराच्या रात्री आडोसा नव्हता.
दिवे गेलेले, जिन्याच्या चार पायऱ्या पाण्याखाली,
पाचवीवर हनुवटी टेकून ती.
कॅमेरा तेव्हा नव्हताच. टॉर्च होता.
डोळा नारिंगी पेटला
आणि तिने पाहिलं. गाउनमधली, केस सुटलेली,
एका हातात शेजाऱ्यांचं मांजर घेतलेली बाई,
सगळीच्या सगळी.
किती वेळ, ते मांजराला विचारा.
मग मुलं आली, गोणपाट, दोर, काठ्या,
तोंड बांधून टेम्पोतून घेऊन गेली.

दुसऱ्याच दिवशी आफ्रिका ठरवली, असं मी सांगत असते.
खरं तर दोन वर्षं लागली. भिंतींची ओलच सुकत नव्हती.

काल सगळं भरून काट्यावर ठेवलं.
चौदा किलो सहाशे.
म्हणजे चारशे ग्रॅम माझे.
हेमांगभाई म्हणतात, टॉर्च कशाला, तंबूत देतात ना.
देत असतील.
हा सेल घालून तीनशे दहा भरतो.